कोरा माणूस

"टेक सतरावा," मी मोबाईलला सांगितलं, गोधडी डोक्यावरून पुढे ओढली आणि घसा खाकरला. "नमस्कार. आजच्या पाठात आपण स्वतःच्या हातचं अक्षर कॉम्प्युटरवर कसं उतरवायचं, ते पाहू."

जुन्या काळचे फोटोग्राफर काळं फडकं घेऊन कॅमेऱ्यामागे जायचे ना, तशी मी कॉम्प्युटरसकट गोधडीत शिरले होते. खोलीत आवाज घुमतो म्हणून ही आयडिया. ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रा, आत मी, मॉनिटर आणि घाम. चौदावा टेक मम्मीच्या कुकरने खाल्ला होता. पंधराव्यात भंगारवाल्याचा भोंगा 'जुनंऽऽ लोखंडऽऽ प्लॅस्टिकऽऽ' करत थेट माझ्या 'पेनचं चिन्ह निवडा'वर येऊन बसला. सोळाव्यात मला स्वतःलाच शिंक आली. सतरावा मात्र लोण्यासारखा चालला होता. सहा मिनिटं झाली, शेवटचं वाक्य तोंडात आलं, आणि गोधडीच्या बाहेरून आवाज:

"तेजू, झालं का गं?"

"च्! पप्पाऽऽ!"

"आता काय झालं?"

"झालं होतं! आता नाही झालं!" मी गोधडी फेकून दिली. केसांचं सगळं घरटं झालेलं. "बाहेर पाटी लावलीय ना, 'शांतता, रेकॉर्डिंग चालू आहे'?"

"लावलीय की. मीच तर लिहून दिली."

खरंच, पाटी त्यांनीच लिहिली होती. पुठ्ठ्यावर, लाल पोस्टर कलरने, 'शांतता'च्या खाली सावली देऊन. बार्शीत भारत पेंटर म्हटलं की पूर्वी पत्ता सांगावा लागायचा नाही. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळीकडे खाली कोपऱ्यात बारीक 'भारत आर्ट्स'. त्यांचा 'र' तर बघत राहावा असा. शेपटी खाली उतरून पुन्हा वर वळायची, खिल्लारी बैलाच्या शिंगासारखी. मग फ्लेक्स आले. रात्रीत छापा, सकाळी टांगा. पप्पांकडे गाड्यांचे नंबर तेवढे उरले.

"ते फ्लेक्सवाले शेटेअण्णा भेटले होते," पप्पा दारातच उभं राहून म्हणाले. "सोमवारी लातूरवरनं डिझायनर यायलाय म्हने बघायला. म्हनले, भारत, तुझं अक्षर मला पायजे, पन कॉम्प्युटरवर पायजे. सोमवारपर्यंत एक तरी करून दाव. न्हाईतर मग तो हायेच."

"मग मी काय करायले इथं गोधडीत? तुमच्यासाठीच करायले ना!"

"व्हय, व्हय. कर तू." त्यांनी दार हळूच लोटून घेतलं. इतकं हळू की कडीसुद्धा वाजली नाही. तेवढी काळजी दोन मिनिटांआधी घेतली असती तर!

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी दहावीत आहे, तेव्हा आठवीत होते आणि नुकतीच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. त्याआधी वर्गात हजेरी द्यायलाही माझा आवाज फुटायचा नाही, आणि आता मी नुसती फटाक्यांची लड. कुठेही वात दिसली की पेट. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी 'खुली खिडकी' नावाचं मंडळ जमतं. नसरीन मॅडम पॉलिटेक्निकला शिकवतात, त्यांनी सुरू केलेलं. जी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, कुणीही वापरावीत, कुणालाही वाटावीत अशी असतात, त्यांचे मराठीतून पाठ करायचे आणि व्हिडिओ लोकांना द्यायचे. पगार कुणालाच नाही, वर चहासुद्धा आळीपाळीने आपापला. मी पहिल्याच रविवारी हात वर केला होता. "मॅडम, आवाज माझा!"

मंडळाने आम्हाला एक जुना कॉम्प्युटर दिला. त्यात इंकस्केप होतं, चित्र आणि अक्षर काढायचं मोफत सॉफ्टवेअर. कागदावर लिहिलेल्या अक्षराचा फोटो आत घ्यायचा आणि पेन नावाच्या साधनाने त्याच्या कडेकडेने ठिपके देत जायचं. सरळ रेघ असेल तर नुसतं क्लिक. वळण आलं की मात्र बटण दाबून धरायचं, सोडायचं नाही, आणि ओढायचं. ओढलं की रेघ वाकते. बस, एवढंच. मला दहा मिनिटांत आलं.

पप्पांना चार दिवस शिकवलं. चार दिवस!

भिंतीवर दोरी न मारता वीस फूट सरळ ओळ लिहिणारा तो हात, पण माऊस धरला की जणू बेडकावर ठेवलाय. दाबायचे आणि सोडायचे. दाबायचे आणि सोडायचे. त्या 'र'च्या शेपटीचं नुसतं करवतीचं पातं झालेलं.

"दाबून धरा, पप्पा. सोडू नका. ओढा."

"धरलंय की."

"सोडलंत! च्! पप्पा, किती वेळा सांगायचं? द्या इकडं."

आणि मी माऊस घ्यायचे. झर्रकन वळण काढून दाखवायचे. "बघितलं? आलं ना लक्षात?"

"आलं की," पप्पा म्हणायचे. त्यांचा हात तोवर मांडीवर गेलेला असायचा. मग पुन्हा तेच. दाबायचे आणि सोडायचे.

चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच खुर्ची मागे घेतली. "तेजू, तू असं कर. तुमचा तो व्हिडिओ असतो ना, तसा ह्याचा कर. मी त्यात बघून शिकतो."

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, माझ्या आवाजाचं कौतुक! तालुक्यात पहिली आलेली मुलगी आहे, व्हिडिओतून ऐकायला छान वाटेल पप्पांना. मी तर नाचले. मम्मीला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, नसरीन मॅडमना फोन करून सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी बाविसावा टेक सुरळीत पार पडला. मी तो चाळीस वेळा तरी ऐकला असेन. काय खणखणीत आवाज, काय शब्द! 'ण' म्हणजे 'ण', 'ळ' म्हणजे 'ळ'. मीच माझ्यावर खूश.

रविवारी मात्र वाचनालयाच्या वरच्या खोलीत सगळं फिसकटलं. आमच्या मंडळाचा एक नियम आहे. कुठलाही व्हिडिओ बाहेर जाण्याआधी एका कोऱ्या माणसाने तो बघायचा. कोरा म्हणजे ज्याला त्यातलं काही म्हणजे काही येत नाही असा. त्याने फक्त व्हिडिओ बघून काम करून दाखवायचं. हवं तेवढं मागे-पुढे करायचं. आपण मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसायचं. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. त्याला जमलं तर व्हिडिओ पास. नाही जमलं तर चूक त्याची नाही, व्हिडिओची.

हा नियम जोगदंड काकांचा. ते तारखात्यातून रिटायर झालेले, अंगाने काडी आणि नियमाला पहाड. त्याआधी एका व्हिडिओत त्यांनीच हट्टाने 'क्लिक करा'ऐवजी 'टिचकी मारा' घातलं होतं, आणि कोऱ्या म्हणून आलेल्या शिवणक्लासच्या बाईंनी माऊस बाजूला ठेवून मॉनिटरच्या काचेवर बोटाने टक्कन टिचकी मारली होती. दोनदा. 'दोनदा टिचकी मारा' असं होतं ना! तेव्हापासून काका क्लिक म्हणतात आणि कोऱ्या माणसाशिवाय पान हलू देत नाहीत.

त्या रविवारी त्याच बाईंच्या जाऊबाई येणार होत्या. आल्याच नाहीत. अकरा वाजले, साडेअकरा वाजले.

"मॅडम, राहू दे ना कोरा माणूस," मी म्हटलं. "पप्पांना उद्या सोमवार आहे. मी व्हिडिओ घरी नेते तसाच."

"नियम म्हणजे नियम," जोगदंड काका म्हणाले.

"काका, पण उद्या..."

"तेजस्विनी, तुझ्या वडिलांना चुकीचा व्हिडिओ दिलास तर उद्या उपयोग काय?"

मी वैतागून खिडकीशी जाऊन उभी राहिले. तर खाली पप्पा. सायकल भिंतीला लावून माझा डबा घेऊन वर येत होते. मला एकदम सुचलं.

"मॅडम, पप्पाच बसतील ना!"

नसरीन मॅडमनी चष्मा वर केला. "अगं, पण त्यांनी उघडलंय ना हे आधी? तूच शिकवत होतीस की."

पप्पा तेवढ्यात दारात आलेच होते. मी हसत म्हटलं, "चार दिवस शिकवलं हो, पण पाटी कोरीच आहे! त्यांच्याइतकं कोरं माणूस अख्ख्या बार्शीत मिळणार नाही."

जोगदंड काका हसले नाहीत. मॅडमनी पप्पांकडे पाहिलं. पप्पाच काय ते हसले. "खरं हाय की," म्हणाले आणि डबा टेबलावर ठेवला.

पप्पा खुर्चीत बसले. काकांनी त्यांच्या 'र'चा फोटो कॉम्प्युटरवर घालून दिला, स्पीकर लावला. आम्ही तिघं मागच्या बाकावर. मी मध्ये.

माझा आवाज खोलीभर घुमला. "नमस्कार. आजच्या पाठात आपण..."

पप्पांनी शर्टाला हात पुसले. पाठ पुढे सरकत होता तसे तेही सरकत होते. फोटो आत घेतला. पेनचं चिन्ह शोधायला त्यांना वेळ लागला, पण त्यांनी व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पुन्हा ऐकलं. कुणाला विचारलं नाही. चिन्ह सापडलं. 'र'च्या डोक्यावरच्या रेघेला पहिला ठिपका दिला, दुसरा दिला. सरळ रेघ. मी मनात टाळ्या वाजवायला लागले होते.

मग वळण आलं.

आणि पप्पांनी माऊसवरून हात काढला. काढला आणि मांडीवर ठेवला. व्हिडिओ आपला पुढे चाललेला, "बटण दाबून धरा, सोडू नका, ओढा," आणि पप्पा नुसते बसून. खुर्चीसुद्धा जराशी डावीकडे सरकवली त्यांनी.

मला कळेना. अहो, धरा ना! हेच तर वाक्य आहे! मी काकांकडे बघितलं. काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

पप्पांच्याही लक्षात आलं असावं. चार मिनिटं वीस सेकंदांवरून त्यांनी व्हिडिओ जरा मागे घेतला. पुन्हा सरळ रेघ, पुन्हा वळण, आणि पुन्हा हात मांडीवर.

तिसऱ्यांदाही तेच.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एक वेळ चुकीचं ओढलं असतं तरी चाललं असतं, पण हे तर हातच लावत नव्हते! उद्या सोमवार, तिकडे लातूरचा डिझायनर बसमध्ये बसत असेल, आणि इकडे हे हात मांडीवर ठेवून लग्नातल्या पाहुण्यासारखे बसलेत. मी बाकावरून अर्धी उठले. काकांनी माझा दंड धरून खाली बसवलं.

मॅडम उठल्या. "भारतभाऊ, एक मिनिट थांबवू या का? इथं समजत नाहीये का काही?"

"समजतंय की," पप्पा म्हणाले. "दाबून धरायचं, सोडायचं न्हाई, वढायचं. बरश उचलायचा न्हाई तसंच हाय ते."

"मग हात का काढला?"

पप्पांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. "काढला का? ते... तेजूला जागा दिली."

"तेजू तर मागं बसलीय."

"व्हय की." ते मागे वळले. मला बाकावर बघून त्यांना खरंच नवल वाटलं. "मला वाटलं, घेनार आता माऊस. तिचा आवाज आला ना."

"आवाज तर व्हिडिओत तिचाच आहे, भाऊ."

"तो न्हाई हो. 'च्' झालं ना मघाशी. 'च्' झालं की ती घेती माऊस. मग मी आपला आधीच हात काढून ठिवतो, मंजी तिला वढावा लागत न्हाई."

खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"कुठलं 'च्'?" मी विचारलं. "मी नाही केलं. मी गप्प बसलेय मघापासून. काका, केलं का मी?"

जोगदंड काका उठून कॉम्प्युटरपाशी गेले. आवाज पूर्ण वाढवला. चार मिनिटं आठ सेकंदांपासून लावलं.

माझा खणखणीत आवाज म्हणाला, "आता अक्षराचं वळण आलं." मग जरा थांबला. आणि मग, जीभ टाळूला चिकटून सुटावी तसं, बारीक, स्पष्ट:

च्.

"बटण दाबून धरा, सोडू नका, ओढा."

"मी ऐकलं होतं हे काल, तू पाठवलंस तेव्हा," काका स्वतःशीच म्हणाले. "मला वाटलं, माऊसचाच आवाज आहे."

पुढे पाच मिनिटं दोन सेकंदांना आणखी एक होतं. सहा एकतीसला आणखी एक. प्रत्येक वळणाला. मी ते चाळीस वेळा ऐकलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं. गोधडीत मी एकटीच होते. कुणावर चिडावं असं समोर कुणी नव्हतं, माऊस माझ्याच हातात होता. पण चार दिवस ते वाक्य मी ज्या आवाजासकट म्हटलं होतं, त्या आवाजासकटच ते माझ्या तोंडात बसलं होतं.

काहीतरी बोलायचं होतं. एरवी माझ्याकडे शब्दांना तोटा नसतो, तालुक्यात पहिली आलेली मी. पण तोंडातून एवढंच निघालं, "काका, ते कापता येईल का?"

"येईल की. एका मिनिटाचं काम. तूच काप."

मी पप्पांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांनी चटकन जागा करून दिली, माऊस माझ्याकडे सरकवला, अगदी त्याच सवयीने. मी आवाजाची पट्टी उघडली. माझी वाक्यं म्हणजे मोठमोठे डोंगर दिसत होते आणि त्यांच्या मधे, सपाटीवर, एक बारीक काटा. तो मी निवडला. कापला. दुसरा कापला. तिसरा कापला.

"फेकून देऊ?" काकांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "मला ठेवायचेत."

मी पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसले. या वेळी दोन्ही हात मांड्यांखाली घालून.

व्हिडिओ सुरू झाला. सरळ रेघ. वळण आलं. "आता अक्षराचं वळण आलं," माझा आवाज म्हणाला आणि थांबला. त्या थांबण्यात आता काहीच नव्हतं. तरीही पप्पांचा हात उचलला गेलाच, माऊसच्या वर वीतभर. तिथे तो जरा वेळ तसाच राहिला. वाट बघत असल्यासारखा. काहीच झालं नाही, तेव्हा तो आपणहून खाली आला.

"बटण दाबून धरा, सोडू नका, ओढा."

त्यांनी दाबलं. सोडलं नाही. ओढलं. रेघ वाकली. त्यांची मान तिरकी झाली, भिंतीसमोर व्हायची तशी, आणि जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात आलं. घाई नव्हती. ठिपका, वळण, ठिपका, वळण. खिल्लारी बैलाचं शिंग खाली उतरलं आणि पुन्हा वर चढलं. पाठ संपून व्हिडिओ कधीच थांबला होता, तरी पप्पा चाललेच होते.

आता फक्त शेवटचा ठिपका पहिल्या ठिपक्यावर न्यायचा होता, म्हणजे आकार बंद होतो. पप्पांनी क्लिक केलं. केसाएवढं चुकलं. रेघ पलीकडे पडली. त्यांनी ती पुसून पुन्हा केलं. पुन्हा चुकलं.

मांड्यांखाली माझी बोटं बाकाच्या फळीत रुतली होती. आणि जीभ, ती मेली, टाळूला जाऊन चिकटलेली, नुसती सुटायची बाकी. मी ती तिथेच दाबून धरली. सोडली नाही.

पप्पांनी मागे वळून पाहिलं. काहीच ऐकू आलं नव्हतं म्हणून की काय.

"घेतीस?" त्यांनी विचारलं आणि माऊस जरासा माझ्या बाजूला सरकवला.

मी मान हलवली. नाही.

ते पुन्हा वळले. डोळे बारीक केले, श्वास धरला, आणि ठिपक्यावर ठिपका ठेवला. 'र' काळा कुळकुळीत भरून आला.

जोगदंड काकांनी वहीत व्हिडिओच्या नावापुढे बरोबरची खूण केली. मॅडमनी डब्यातली चपाती चार जणांत वाटली.

सोमवारी पप्पा तो 'र' पेनड्राइव्हवर घेऊन शेटेअण्णांकडे गेले. लातूरचा डिझायनर आला होता, अण्णांनी त्यालाच ठेवला. पप्पांना सांगितलं, तू अर्धा दिवस ये, नुसती अक्षरं कर. पप्पा गेले. अजून जातात. आता नाक्यावरच्या फ्लेक्सवर शिंगांचे 'र' दिसतात, कोपऱ्यात 'भारत आर्ट्स' मात्र नसतं.

मंडळाच्या भिंतीवर रेकॉर्डिंगआधी तपासायच्या आवाजांची यादी आहे. पंखा, कुकर, कुत्रं, भंगारवाला. तिच्या तळाशी पप्पांनी एका रविवारी स्वतःच्या हाताने, सावली देऊन, एक अक्षर वाढवलं. नवीन मुलंमुली विचारतात, हे काय? मी त्यांना माझ्या कॉम्प्युटरवरची ती फाईल लावून दाखवते. तिन्ही तुकडे एकामागोमाग जोडून ठेवलेत. सगळे मिळून एक सेकंदही भरत नाही.